सर्वेश, तुझी माटोळी फार जड आहे

सर्वेश, तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं आमच्या घरी सगळे सांगतात. त्यांचं काय जातं. त्यांनी तुझ्यासोबत कॉलेजचा प्रोजेक्ट केलेला नाही.

तुझ्या फोटोला हार घातलेला बघून मी रडले, नाही असं नाही. पण त्यानंतर चार दिवसांनी धीर करून लॅपटॉप सुरू केला, तू पाठवलेली शेवटची फाइल उघडली, आणि पडद्यावर त्रेचाळीस ओळींची यादी आली. हे सापडत नाही, ते सापडत नाही. चिऱ्यांचा फोटो नाही, शेणाच्या जमिनीचा नाही, कौलांचा नाही, पाटाच्या लाकडाचा नाही. आपल्या सॉफ्टवेअरला भिंतीवर, जमिनीवर चढवायचा फोटो सापडला नाही की ते तिथे भडक गुलाबी रंग फासतं, तसं तुझं केरीचं अख्खं घर गुलाबी होऊन माझ्यासमोर उभं होतं. मी डोळे पुसले आणि तुला मोठ्यानं शिव्या घातल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली. फोटो आणि फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे असतात, हे पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तू तेव्हा शेजारच्या बाकावर बसून खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर कशी सरकते ते बघत होतास.

आपला कोर्स काय आहे ते तीन वर्षांत आपल्या दोघांच्याही घरी कुणाला नीट कळलं नाही. डिजिटल डिझाइन आणि आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशन. माझे काका डिचोलीच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचे, पोरगी इंजिनियर होतेय. मी म्हणायची, काका, इंजिनियर नाही, घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल त्याचं चित्र काढायचं आम्ही. मग ते म्हणायचे, म्हणजे पेंटर. तुझ्याकडे याहून वाईट होतं. तुझ्या गावात समज होता की तू मांडव आणि मखरं सजवायचं शिकतोस, आणि तूही तो कधी खोडून काढला नाहीस. उलट दोन लग्नांची मखरं करून दिलीस. का, विचारलं तर म्हणालास, "लोकांनी सांगलां, मगे ना कशें म्हणूं?"

आपण दोघे जोडीदार झालो ते फक्त बसमुळे. मला डिचोलीची बस धरायची, तुला पेडण्याची, म्हणून दोघेही लॅबमधून एकाच वेळी पळायचो आणि म्हापशाच्या स्टँडवर एकाच बाकावर बसायचो. सरांनी शेवटच्या वर्षी जोड्या करायला सांगितल्या तेव्हा बाकीच्यांच्या जोड्या आधीच ठरल्या होत्या. उरलो आपण. मी मनात म्हटलं होतं, ठीक आहे, शांत मुलगा आहे, त्रास देणार नाही.

त्रास देणार नाही, म्हणे. तुझ्या घरून तुझ्या बाबांच्या स्कूटरवर परीक्षेला येताना चोपड्याला पुलाच्या अलीकडे तू थांबलास तो दिवस आठव. परीक्षेला पस्तीस मिनिटं होती. एका जुन्या घराच्या कुंपणाचे चिरे तुला आवडले, शेवाळ चढून अर्धे काळे आणि अर्धे तांबडे झालेले. तू खाली बसून एकेका चिऱ्याचा फोटो काढायला लागलास. घरातून एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊनच बाहेर आले. "फोटो कशाक काढतंय? जागा विकूची ना. तुज्या दिल्लीवाल्याक सांग जा." मी तुला ओढत होते, चल, चल. आणि तू काय केलंस? तू त्यांना मोबाइल दाखवलास, चिऱ्यांचे फोटो दाखवलेस, मग त्यांनी विचारलं कोणाचो, तू सांगितलंस, मग त्यांना तुझे आजोबा माहीत निघाले, आणि आपण त्यांच्या दारापुढच्या बलकावावर बसून चहा प्यायलो. मी घड्याळाकडे बघत, तू त्यांचे चिरे कुठल्या खाणीतले ते ऐकत. परीक्षेला वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. ते मी तुला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

आता एक कबूल करायला हवं. उजेड मला तू शिकवलास. सरांनी दिव्यांची सेटिंग्ज शिकवली, किती टक्के, किती अंश. तू मला माझ्याच घरी आमच्या पडवीत उभं केलंस आणि म्हणालास, वर बघ. छताच्या वाशांची खालची बाजू तांबूस होती. आमच्या अंगणातल्या लाल मातीवर ऊन पडून तोच रंग वर उसळत होता. एकवीस वर्षं मी त्या घरात राहते, मला ते कधी दिसलं नव्हतं. आता कुठल्याही घरात गेले की आधी वर बघते. लोकांना वाटतं मी जळमटं शोधते.

पण उजेड शिकवला म्हणून माटोळी माफ होत नाही.

प्रोजेक्ट साधा होता. राहतं गोमंतकीय घर घ्यायचं आणि त्यातल्या एका खोलीची सहा चित्रं करायची. बाकीच्यांनी पोहण्याचे तलाव असलेले बंगले घेतले. तू म्हणालास, आमच्या घरची देवाची खोली घेऊ, आणि चवथीच्या दिवशीची घेऊ. मला आवडलं, मी हो म्हटलं, इथपर्यंत चूक माझी. सर कोल्हापूरकडचे, त्यांना मी समजावून सांगितलं की आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात, तिला माटोळी म्हणतात. सर म्हणाले, छान, पाच-सहा फळं करा, बाकी नुसता आकार दिसला तरी चालेल. तू मान हलवलीस. तू मान हलवलीस की त्याचा अर्थ होकार नसतो, हे तेव्हा सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

दोन महिने तू फळं करत बसलास. नारळांचा घड, सुपारीचा घोस, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, लालभडक कवंडळं, कांगलांचे घोस दाणा न् दाणा. मी म्हटलं, एक आंबाडा कर आणि त्याच्या प्रती काढ, कॉम्प्युटरला हलकं जातं. तू म्हणालास, दोन आंबाडे सारखे असतात काय? मी म्हटलं, सर्वेश, ते चित्रात शेंगदाण्याएवढे दिसणार आहेत. तू म्हणालास, "राव गो मातसो." मी थांबले. थांबून थांबून मार्च संपला. लॅबमधला सगळ्यांत चांगला कॉम्प्युटर तुझी फाइल उघडली की पंख्यासारखा घरघरायचा आणि चित्र अर्ध्यावर आलं की बंद पडायचा. गणपतीच्या कपाळापर्यंत यायचं आणि वरचा भाग काळा. असं चार वेळा झालं.

पाचव्या वेळी मी म्हटलं, माटोळी काढून टाकू या. तू उठून बाहेर गेलास. तीन वर्षांत तू माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हतास, त्या दिवशीही चढवला नाहीस, नुसता उठून गेलास. मी तुझ्या मागून बाहेर आले आणि मला जे बोलायचं ते सगळं बोलले. हे तुझ्या घरचं चित्र आहे, पण मार्क माझेही आहेत. मला पर्वरीच्या एका ऑफिसात नोकरी धरायची आहे, त्यांना सहा पुरी चित्रं दाखवायची आहेत, साडेपाच नाही. तुझं काय, तू मखरं करत बसशील. हे शेवटचं वाक्य तुला लागलं. मला दिसलं की लागलं, तरी मी ते परत घेतलं नाही.

त्यानंतर तू दोन दिवस कॉलेजला आला नाहीस. मेसेज आला, अंगात ताप आहे, डोकं फार दुखतं, सोमवारी बघू. त्यावर मी काय लिहिलं ते तुझ्या फोनमध्ये आहे आणि माझ्याही. "ताप? सबमिशन आलं की तुला ताप येतोच. नाटकं पुरे. फाइल पाठव, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस." आणि फोन बंद करून ठेवला.

तू त्याच संध्याकाळी फाइल पाठवलीस. म्हणून त्यात फोटो नव्हते. ताप चढलेल्या माणसाला त्रेचाळीस फोटो गोळा करून पाठवणं जमलं नाही, एवढंच कारण होतं. मी ती तेव्हा उघडलीसुद्धा नाही. मी तुला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या कुणीतरी सांगितलं की तुला हॉस्पिटलात नेलंय, ताप मेंदूत गेलाय. पाचव्या दिवशी तू नव्हतास. सर्वेश, माणसानं निदान एकदा तरी ओरडून सांगावं की अगं, खरंच बरं नाही. तू लिहिलंस ते असं, जणू कुणा दुसऱ्याला ताप आलाय.

सरांनी मला बोलावून घेतलं. चांगले वागले. बाहेरच्या परीक्षकांची तारीख पुढे ढकलता येत नाही म्हणाले, पण तू एकटीनं सबमिट कर, नावं दोघांची राहू देत. वर म्हणाले, माटोळी काढून टाक, तिच्याशिवाय बाकीची खोली एका दिवसात तयार होईल. अगदी तेच, जे मी तुला बाहेर उभी राहून सांगत होते. मला बरं वाटायला हवं होतं.

पण माटोळी काढली तरी भिंती गुलाबीच होत्या. फोटो तुझ्या लॅपटॉपमध्ये होते आणि लॅपटॉप केरीला. तुझं बारावं होईपर्यंत थांबले आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाहून बस धरली. चोपड्याचं ते कुंपण आलं तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघत बसले.

तुझ्या आईनं मला बघितलं आणि म्हणाली, "ये गो बाय. बस." काय हवं विचारलंच नाही. चहा दिला, उंडे पाव दिले, आणि मी खात नाही म्हटल्यावर माझ्या बशीत आणखी एक ठेवला. तुझे बाबा बाहेर काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या तिथे उकिडवे बसले होते, आत आले नाहीत. लॅपटॉप तुझ्या खाटेवर होता, चार्जर लावलेला. पासवर्ड नाही. पासवर्ड ठेव म्हणून मी तुझ्याशी किती वेळा भांडले, आणि तू म्हणायचास, विसरलो तर कुणाला विचारू? उघडला तर सगळे फोटो एका फोल्डरमध्ये, एकाखाली एक, नीट नावं दिलेले. मला चक्कर यायची बाकी होती. तुला नीटनेटकं ठेवता येत होतं, फक्त मला पाठवता येत नव्हतं.

फाइल उघडायला पंधरा मिनिटं लागली. तोवर तुझी आई माझ्या शेजारी येऊन बसली होती. हळूहळू भिंती आल्या, जमीन आली, पाट आला आणि मग वर तुझी माटोळी. तुझी आई पडद्याजवळ वाकली. मग पडद्याला बोट न लावता एकेक दाखवायला लागली. "हें तोरिंजन बांयकडचें. हो चिबूड मळ्यातलो. कवंडळ मदींच बांदतत, हे तशेंच बांदतत दर वर्सा." हे म्हणजे तुझे बाबा. "आनी घागऱ्यो डोंगरावयल्यान हाडतत. तो ल्हान आसताना कानाकडे धरून वाजयत बसतालो."

मी सहज त्या घागऱ्यांच्या, खुळखुळणाऱ्या फुगीर रानशेंगांच्या घोसावर गेले, जवळ घेऊन बघायला. चुकून जरा जास्तच जवळ गेले आणि थेट एका घागरीच्या आत पोचले. आत बिया होत्या. सर्वेश, आत बिया होत्या. बाहेरून बंद असलेल्या शेंगेच्या आत, जिथे कुणी कधी बघणार नाही, तिथे तू एकेक बी वेगळी करून ठेवली होतीस, आणि अशा साठ-सत्तर शेंगा. चार वेळा कॉम्प्युटर बंद पडला तो या बियांमुळे. दोन महिने मी डोकं आपटून घेतलं ते या बियांमुळे. मी तुला विचारलं असतं ना, की अरे, स्थिर चित्रात बंद शेंगेच्या आत बिया कशाला, तर तू काय म्हणाला असतास ते मला तिथे बसल्या बसल्या ऐकू आलं. "मगे वाजतली कशी?"

मी हसले. तुझ्या आईसमोर, तुझ्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मला हसू आवरेना. तिनं विचारलं, कितें जालें, मी दाखवलं. तीही हसली, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. थोड्या वेळानं म्हणाली, "औंदा आमगेर चवथ ना गो. सुतक. माटोळी बांदची ना. ही मातशी ठेव."

आता सांग, मी काय करायचं? तुझ्याशी वाद घालता येत होता. तुझ्या आईशी कोण घालणार?

ठेवली. पण हे तुला सांगून टाकते, घागऱ्यांच्या आतल्या सगळ्या बिया मी काढल्या. एकेक शेंग उघडून, एकेक बी वेचून, दोन दिवस. एका बटणानं गेल्या नाहीत, कारण तू त्यांना नावं दिली नव्हतीस. फोटोंना नावं, बियांना नाहीत. आंबाडे सगळे वेगवेगळे ठेवले, कांगलांना हात लावला नाही. बिया काढल्यावर चित्र पहिल्याच खेपेला पुरं झालं. वरपर्यंत. माटोळीच्या खालच्या बाजूवर जमिनीचा रंग उसळलेला दिसतो, तू म्हणायचास तसा. ते मी काही केलं नाही, तुझ्याच सेटिंगनं आलं.

परीक्षक बाहेरचे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे वर फळांचं झुंबर आहे का?" मी त्यांना दहा मिनिटं माटोळी समजावली. कुठलं फळ विहिरीकडचं, कुठलं मळ्यातलं, कुठलं डोंगरावरचं. सर मला खुणा करत होते की आवर. परीक्षकांनी मग विचारलं, एवढा तपशील कशासाठी, लांबून तर दिसत नाही. हा माझाच प्रश्न होता, अगदी माझ्याच शब्दांत. मी त्यांना म्हटलं, दोन आंबाडे सारखे नसतात. मार्क अजून लागलेले नाहीत. पर्वरीच्या ऑफिसानं पुढच्या आठवड्यात बोलावलंय, सहा चित्रं घेऊन. सहाव्या चित्राखाली तुझं नाव आधी आहे आणि माझं नंतर. त्यांना चालेल की नाही माहीत नाही. मी काही बदलणार नाही.

हे एवढं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे एक गोष्ट सांगायची टाळत होते म्हणून.

त्या दिवशी तुझी आई मला बसपर्यंत सोडायला आली. नको म्हटलं तरी आली. बस वळून उभी राहिली तेव्हा तिनं माझा हात धरला. "तो दुखण्यात सांगतालो, अक्षता रागावल्या म्हणान. फोनच घेना. तुमचें मिटलें मगे?"

मी म्हटलं, "हो काकी. मिटलं."

तिनं माझा हात सोडला आणि म्हणाली, "बरें जालें. माज्या जिवाक तें लागून रावल्लें." तिचा चेहरा इतका हलका झाला की मला बसमध्ये चढता येईना. खिडकीतून बघितलं तर ती घराकडे निघाली होती, आली होती त्यापेक्षा जरा भरभर.

मिटलेलं नाही, सर्वेश. मी तुझ्या आईशी खोटं बोलले. तुला ताप होता आणि मी त्याला नाटक म्हटलं. मखरांचं बोलले ते तुला लागावं म्हणूनच बोलले. तू तशा अंगानं उठून फाइल पाठवलीस आणि मी उत्तर दिलं नाही. चूक माझी होती, सगळी. तुला समोर बसून ऐकायचं होतं तेव्हा मी फोन बंद ठेवला, आणि आता मी बोलतेय तर तू नाहीस. तू कधीच कुणाला नाही म्हणाला नाहीस. एवढ्या एका गोष्टीला हो म्हण. मिटलं म्हण, म्हणजे तुझ्या आईला मी सांगितलं ते खरं होईल.